पंचविशीची अट वाचवू या!

अठरावं सरलं की मुलगा दारू प्यायला मोकळा, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्रात व्हिस्की, रम, व्होडकासारखं कडक मद्य घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि बिअर-वाइनसाठी २१. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पालकसभेत मी ही वयं विचारते तेव्हा ठाम उत्तर येतं, ‘अठरा’. असं सांगणाऱ्यांत वकील असतात, डॉक्टर असतात, पोलिसही असतात. जी अट कुणाला माहीतच नाही, ती रोज मोडली जात असली तरी हाकाटी कोण करणार?

ही अट आज दोन्हीकडून कुरतडली जाते आहे. हरियाणाने डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत कायदा बदलून २५ चे २१ केले. दिल्ली सरकारनेही त्याच वर्षी तसाच निर्णय जाहीर केला होता. पुढे ते धोरणच मागे घेतलं गेलं, म्हणून तिथे २५ टिकली. महसुलाची गणितं मांडायला बसलं की हा आकडा खाली ओढायचा मोह कुठल्याही सरकारला होऊ शकतो, आपल्याही. हे झालं वरून. खालून तर दुकानाच्या काउंटरवर, ढाब्यावर, हळदीच्या मांडवात आणि फार्महाउसवरच्या थर्टी फर्स्टला ती रोजच मोडते. म्हणून हे आवाहन. पंचविशीची अट म्हणजे कुणा सोवळ्या माणसाचा हट्ट नव्हे. वाढत्या मेंदूबद्दल विज्ञान आज जे सांगतं, त्याच्याशी आपल्याकडचा हा नियम नेमका जुळतो. तो हातचा घालवू नका.

कपाळामागे चाललेलं काम

मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याचा मेंदू आकाराने जवळपास मोठ्या माणसाएवढा होतो. आकार झाला, पण जोडणी बाकी असते, आणि ती पुढची वीसएक वर्षं चालते. या काळात दोन कामं एकाच वेळी सुरू असतात. चेतापेशींमधल्या ज्या जोडण्या वापरात नाहीत त्या छाटल्या जातात, आणि ज्या वापरात आहेत त्यांच्यावर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं. त्या आवरणामुळे निरोप कितीतरी पटींनी वेगाने धावतात. हे काम साधारणपणे मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढे सरकत येतं. सगळ्यात शेवटी पाळी येते ती कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची. परिणामांचा विचार करणं, मोह आवरणं, ‘आत्ता नको’ असं स्वतःला बजावणं ही याच भागाची कामं.

उलट मौज, बक्षीस आणि थरार यांच्याशी संबंधित भाग वयात येतानाच जोरात कामाला लागतो. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी हौस पुरी वाढलेली असते आणि तिला आवर घालणारी यंत्रणा अजून तयार होत असते. निसर्गाची ही योजना वाईट नाही. तिच्यामुळेच मुलं नवं शिकतात, घराबाहेर पडतात, धाडस करतात. पण याच काळात दारू आली तर ती थेट चालू कामात शिरते. स्लॅब टाकल्यावर आपण दिवसच्या दिवस पाणी मारतो, सेंट्रिंग घाईने काढत नाही आणि त्यावर वजन तर मुळीच ठेवत नाही. वरून पक्का दिसला तरी तो आतून पक्का व्हायचा असतो, हे गवंड्यालाही कळतं आणि घरमालकालाही. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदू रातोरात पुरा होतो असं नाही, पण विशीच्या मध्यापर्यंत हे काम सुरू असतं.

‘याला चढतच नाही’

कॉलेजच्या कट्ट्यावर एका कौतुकाचा मला फार धसका वाटतो. ‘अरे, याची कपॅसिटी बघ, याला चढतच नाही!’ ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो सतरा-अठरा वर्षांचा असतो आणि त्याची छाती फुगते. या कौतुकामागचं शास्त्र पालकांनी आणि मुलांनी नीट समजून घ्यावं.

अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांनी आणि ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्ट्झवेल्डर यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. मद्याची सारखी मात्रा दिली की प्रौढ उंदीर लवकर पेंगतात, अडखळतात. किशोरवयीन उंदीर मात्र बराच वेळ टवटवीत राहतात. पण स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. तिथे मद्याचा तडाखा किशोरवयीन मेंदूलाच जास्त बसतो. याचा अर्थ सरळ आहे. झोप आणि तोल जाणं हे शरीराचे ‘आता पुरे’ असं सांगणारे इशारे. ते कोवळ्या वयात उशिरा येतात आणि तोवर आत नुकसान चालू असतं. ज्याला चढत नाही तो बळकट नसतो. त्याला थांबवणारी घंटा अजून नीट वाजत नसते.

सॅन डिएगोमध्ये सँड्रा ब्राउन, सुसान टॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मद्याच्या आहारी गेलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलामुलींच्या चाचण्या घेतल्या. त्याआधी किमान तीन आठवडे त्यांच्या पोटात दारू गेलेली नव्हती. तरीही शिकलेल्या गोष्टी थोड्या वेळाने आठवून सांगताना ती न पिणाऱ्या मुलांपेक्षा सुमारे १० टक्के मागे पडली. आपल्याकडे एकेका गुणाने प्रवेश हुकतो, त्यासाठी आईबाप दागिने गहाण ठेवून क्लास लावतात. त्या घरांनी हा आकडा मनावर घ्यायला हवा. अमेरिकेतच २०१२ पासून १२ ते २१ वयोगटातल्या ८०० हून अधिक मुलांच्या मेंदूंचं वर्षागणिक चित्रण सुरू झालं. त्यात भरपूर पिणाऱ्या मुलांच्या मेंदूतलं करडं द्रव्य अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने घटताना दिसलं.

शिकागोत सुभाष पांडे यांच्या प्रयोगशाळेने आणखी खोलवर पाहिलं. किशोरवयात मद्य दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, भीती आणि चिंता हाताळणाऱ्या ॲमिग्डालामध्ये, जनुकांच्या कामकाजात असे बदल झाले की ते प्रौढ वयातही टिकले. ते उंदीर मोठेपणी जास्त घाबरट झाले आणि जास्त मद्यही पिऊ लागले. २०२२ मध्ये याच गटाने जनुक-संपादनाचं तंत्र वापरून उंदरांमधले हे परिणाम बऱ्याच अंशी उलटवूनही दाखवले. आशा आहे, पण ती अजून प्रयोगशाळेत आहे. आपल्या हातात आज असलेला उपाय सोपा आहे: सुरुवातच उशिरा होऊ देणं.

वय पुढे ढकलण्याचं मोल

उशिराने काय फरक पडतो? १९९७ मध्ये ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीचा अभ्यास मांडला. पंधराव्या वर्षाआधी दारूला सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी तिच्या पूर्ण आहारी गेले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. यात वयाचाच सगळा दोष नाही. घरातलं वातावरण, अनुवंश, आधीची दुःखं हीही कारणं असतात. पण ती कारणं एका सहीने बदलता येत नाहीत. सुरुवातीचं वय मात्र समाजाला पुढे ढकलता येतं.

आणि हे अमेरिकेचं दुखणं म्हणून बाजूला सारू नका. शेजारच्या गोव्यात, उत्तर भागातल्या पुरुषांची संशोधकांनी पाहणी केली. १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी किशोरवयात दारूला सुरुवात केली होती. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांत तोच आकडा ७४.३ टक्के झाला. एका पिढीत! ज्यांची सुरुवात लवकर झाली त्यांच्यात पुढे व्यसन, मानसिक त्रास आणि इजा-अपघातांचं प्रमाणही जास्त आढळलं. एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० ते १७ वयोगटातली १.३ टक्के मुलं दारू पितात. टक्का लहान दिसतो, पण भारतात या वयाची मुलं इतकी आहेत की तो लाखोंच्या घरात जातो.

जपणूक तर त्याही आधी सुरू व्हायला हवी. आईच्या पोटात असताना दारूमुळे बाळाच्या मेंदूवर आणि चेहऱ्याच्या ठेवणीवर होणारे परिणाम फ्रान्समध्ये पॉल लमोआन यांनी १९६८ मध्ये नोंदवले. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्या विकाराला नाव दिलं. गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण सापडलेलं नाही. आणि सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या ओठांवर ब्रँडीचे थेंब लावणाऱ्या आज्या अजूनही आपल्या घरांत आहेत. त्यांना मायेने, पण ठामपणे सांगायला हवं: आजी, हे औषध नाही.

काउंटरवर काय चालतं

आमच्या कॉलेजपासून जवळच क्लासेसची गल्ली आहे आणि गल्लीच्या तोंडाशी वाइन शॉप. संध्याकाळी सातच्या बॅचेस सुटतात तेव्हा तिथे गर्दी असते. लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, खिडकीवर टांगलेल्या शेंगदाण्यांच्या आणि मूगडाळीच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या ग्लासांची चळत. वर वयाची अट लिहिलेला फलक आहे, त्याचा अर्धा भाग कॅलेंडरने झाकलाय. पाठीवर सॅक असलेला मुलगा खिडकीशी येतो, हलक्या आवाजात ‘एक क्वार्टर’ म्हणतो, मोबाइल क्यूआर कोडसमोर धरतो. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून हातात येते. ना ओळखपत्र, ना परवाना, ना प्रश्न. मागे रांगेत बापाच्या वयाची माणसं उभी असतात, तीही नजर फिरवतात. मी दुकानदाराला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, मी नाही दिली तर पुढचा देईल.’

सगळी मेख या एका वाक्यात आहे. एकट्या दुकानदाराच्या सद्बुद्धीवर ही अट टिकणार नाही. पुढचाही देणार नाही, ही खात्री गावाने आणि शहराने मिळून निर्माण करावी लागेल.

ती केली नाही तर काय होतं, हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरने पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये दारू पीत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. त्याला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर देशभर संताप झाला, तो योग्यच होता. पण २५ आणि २१ ची अट असलेल्या राज्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या टेबलावर दारू आलीच कशी, हा प्रश्न थोड्याच दिवसांत विरून गेला. तो विरू द्यायचा नाही.

कायदा पुरेसा कडक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात दुकानदार आला, वेटर आला आणि ‘घे रे एक घोट, मर्द हो’ म्हणणारा काकाही आला.

‘पण’ म्हणणाऱ्यांना

‘अठराव्या वर्षी मत देता येतं, मग दारू का नाही?’ हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं आणि त्याच युक्तिवादाने अनेक राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू वाढले. शेवटी १९८४ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला, २१ ची अट न पाळणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीला कात्री लागली आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार १९७५ ते २०१७ या काळात किमान वयाच्या या कायद्यांनी तीस हजारांहून अधिक जीव वाचवले. मत चुकलं तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येतं. ते जीव कुणी परत आणले असते?

‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात माझ्यासमोर प्यायलेली बरी.’ हे पालक प्रेमापोटीच बोलतात. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं माग ठेवला गेला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले. पालकांनी स्वतः दारू दिल्याने मुलांचं कुठलंही रक्षण झालं नाही. उलट त्या मुलांची पुढे बाहेरून दारू मिळवण्याची शक्यता वाढली.

‘आजकालची पोरं ऐकतात कुठे?’ ऐकतात. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ मध्ये ती ५ टक्के उरली. त्यांनी नुसती भाषणं केली नाहीत. दारू विकत घ्यायचं वय २० वर ठेवलं, कोवळ्या मुलांनी रात्री उशिरा बाहेर भटकण्यावर बंधन आणलं, खेळ आणि संगीतासाठी मुलांमागे पैसे दिले आणि शाळाशाळांतल्या पालकांनी आपसात लेखी करार केले. ‘बाकीच्यांच्या घरी चालतं’ ही मुलांची पळवाट त्या करारांनी बंद झाली.

आता आपण काय करायचं

पालकांनो, तुमच्या मुलाच्या वर्गातल्या पाच घरांशी बोला आणि एकच ठरवा: आपापल्या घरी, आपल्या पार्टीत, आपल्या गाडीत २१ च्या आत बिअर नाही आणि २५ च्या आत कडक दारू नाही. हळदीत आणि वाढदिवसाला मुलांच्या हातून बाटल्या आणवू नका, ग्लास भरवून घेऊ नका. मुलांना धमकी देऊ नका, मेंदूबद्दल सांगा. आपल्या डोक्यात काय चाललंय हे कळलं की ती ऐकतात, हे मी वर्गात पाहते.

गणेश मंडळांच्या, दहीहंडी पथकांच्या कार्यकर्त्यांनो, तुमचा शब्द ही पोरं आमच्यापेक्षा जास्त मानतात. मिरवणुकीच्या आधीच्या बैठकीत नियम करा: प्यायलेला पोरगा ढोलाला हात लावणार नाही आणि थरावर चढणार नाही. अल्पवयीन मुलाला दारू आणून देणारा मंडळात राहणार नाही.

गावातल्या भगिनींनो, तुमच्याकडे या राज्याने दिलेलं हत्यार आहे. एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के महिलांनी मागणी केली की दुकानाबाबत मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी ‘आडवी बाटली’ला, म्हणजे बंदीला, कौल दिला की ते दुकान बंद होतं. जे दुकान पोरांना दारू विकतं, त्याला या ताकदीची एकदा आठवण करून द्या.

प्राचार्य आणि शिक्षकांनो, बिअरबार आणि वाइन शॉपच्या चालकांना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, प्रत राज्य उत्पादन शुल्क विभागाला आणि पोलीस ठाण्याला द्या, पोच घ्या. पोच घेतलेल्या पत्राला वजन येतं. दुकानदारांनो, तुमचा धंदा प्रौढ गिऱ्हाइकांवर चालतो. ओळखपत्र मागायला अर्धं मिनिट लागतं.

आणि ज्याची सुरुवात आधीच झाली आहे, त्याला हाकलू नका. कोवळा मेंदू लवकर दुखावतो, पण तो सावरूही शकतो, वेळेवर थांबलं तर. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने हजारो घरं सावरली आहेत. लाज वाटून घरात कोंडून ठेवण्यापेक्षा फोन उचला.

शेवटी आपल्या आमदारांना एक पत्र प्रत्येकाने लिहायचं आहे. त्यात दोनच मागण्या करा. महाराष्ट्रातली २५ आणि २१ ची अट कुठल्याही कारणाने खाली आणू नका. आणि प्रत्येक दुकानात, बारमध्ये, पबमध्ये ओळखपत्र तपासल्याशिवाय विक्री होणार नाही याची तपासणी नेमाने करून तिचा हिशेब जनतेसमोर मांडा. पत्र साध्या कागदावर चालेल. सहीखाली आपल्या मुलांची वयं लिहा. सभागृहात हा आकडा बदलायची वेळ आली तर आपल्या मतदारसंघात या वयाची किती मुलं आहेत आणि त्यांच्या मागे किती आईबाप जागे आहेत, हे त्या आमदाराला आधीच माहीत असलं पाहिजे.